फंडाचे तीस लाख आणि चार हिस्सेदार : शिरोली एमआयडीसीतल्या एका रिटायर सुपरवायझरचं प्रकरण

माझं काम लोकांचे टॅक्स रिटर्न भरायचं, आणि त्या निमित्तानं त्यांची सगळी कागदं बघायला मिळतात. राजारामपुरीत छोटं ऑफिस आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेली एक केस जरा सविस्तर लिहितोय, कारण कोल्हापुरातल्या फाउंड्रीवाल्या घरांत थोड्याफार फरकानं हीच गोष्ट दर महिन्याला घडते. नावं सांगत नाही, अण्णा आणि काकी एवढंच म्हणू.

अण्णा १९९६ च्या एप्रिलमध्ये शिरोलीतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला लागले, सुपरवायझर म्हणून ३० जून २०२५ ला रिटायर झाले. वय ५८. काकी ५४ च्या, शुगर आहे, गोळ्या चालू. साने गुरुजी वसाहतीत स्वतःचं घर, कर्ज काही नाही. करवीर तालुक्यात गावाकडं वीस गुंठे वाट्याला आलेली जमीन, धाकटा भाऊ ऊस करतो आणि वर्षाला पंचवीस हजार कधी देतो कधी देत नाही, त्यावर कुणी काही बोलत नाही. पोरगा पुण्यात प्रायव्हेट नोकरीत, लग्न झालेलं. पोरगी इचलकरंजीला दिलीय.

आले ते थेट विचारत आले, "सायेब, फंड आलाय. जास्तीत जास्त व्याज कुठं मिळतंय तेवढं सांगा." काकी शेजारी बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून, बोलत काही नव्हत्या.

आधी किती आलं ते बघू. पीएफचे २२ लाख ४० हजार. मधे पोरीच्या लग्नाला आणि घराच्या स्लॅबला उचल घेतलेली, नाहीतर अजून असते. ग्रॅच्युइटी ६ लाख ३५ हजार ७६९, हा हिशोब मी स्वतः ताडून बघितला, शेवटचा बेसिक आणि डीए मिळून ३८ हजार, त्याला १५ भागिले २६, गुणिले २९ वर्षं, बरोबर येतो. वरचे तीन महिने धरत नाहीत, सहा महिन्यांच्या वर असते तर तिसावं वर्ष धरलं असतं. शिल्लक रजेचा पगार १ लाख ६४ हजार. म्हणजे कंपनीकडून सगळं मिळून साधारण ३० लाख ४० हजार. या तिन्हीवर त्यांना टॅक्स शून्य, त्याची भीती त्यांना उगीचच कुणीतरी घातली होती. शिवाय आधीपासून एका पतसंस्थेत ७ लाखाच्या ठेवी आणि एका अर्बन बँकेत ४ लाखाची एफडी. एकूण ४१ लाख ४० हजार.

आता पेन्शन. अण्णांच्या डोक्यात साडेसात हजार बसलेलं, कारण कंपनीत सगळे तेच म्हणायचे. ईपीएस-९५ म्हणजे पीएफबरोबरची पेन्शन योजना, तिचं गणित असं आहे की पेन्शनेबल पगार गुणिले सर्व्हिस भागिले ७०, पण पगार खरा कितीही असू दे तो धरताना मर्यादा लागते, ऑगस्ट २०१४ पर्यंत ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार. साडेसात हजार कधी, तर पूर्ण ३५ वर्षं १५ हजाराच्या हिशोबानं धरली तर. अण्णांची साडेअठरा वर्षं ६,५०० नं मोजली जाणार आणि पुढची पावणेअकरा १५ हजारानं. वीस वर्षांच्या वर सर्व्हिस झाली म्हणून दोन वर्षं बोनस मिळतो तो धरून महिन्याला सव्वाचार हजाराच्या आसपास. हे सांगितल्यावर अण्णा दोन मिनिटं गप्पच झाले, मग म्हणाले, "एकोणतीस वर्षं भट्टीसमोर काढली की हो."

काय बोलणार. पण इथंच केसचा पाया कळतो, पगार बंद झालाय आणि पेन्शन म्हणून जे येणार त्यात काकींची औषधं आणि लाइटबिल भागेल, बाकी सगळं या ४१ लाखानं ओढायचंय.

आणि त्या ४१ लाखावर आधीच चार जण हिस्सा सांगून बसलेले.

पहिला पोरगा. पुण्यात वाकडला टूबीएचके बघितलाय, डाउन पेमेंटला १५ लाख पाहिजेत. दुसरा पतसंस्थेचा चेअरमन, अण्णांच्याच तालमीतला, "अण्णा, फंड आला की आपल्याकडंच टाका, साडेदहा टक्के देतो तुम्हाला" असं जूनपासून चाललेलं. तिसरी पगार जमा होतो ती बँक, ग्रॅच्युइटी खात्यावर पडल्याच्या तिसऱ्या दिवशी तिथनं फोन आला, चहा पाजला आणि दोन लाखाची एक इन्शुरन्स पॉलिसी गळ्यात घातली, सात वर्षं दरवर्षी दोन लाख भरायचे. चौथे स्वतः अण्णा, त्यांना वरचा मजला चढवून कॉलेजच्या पोरांना भाड्यानं द्यायचा होता.

काकींचं काय म्हणणं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मी स्किमवर यायच्या आधी नेहमी घरखर्च लिहून घेतो. अण्णा म्हणाले वीस हजार लई झाले. तेव्हा काकी पहिल्यांदा बोलल्या, "वीस काय, पंधरा तारखेलाच संपत्यात की." मग पासबुक आणि काकींच्या आठवणीवरनं एकेक लिहीत गेलो. किराणा भाजी मटण धरून ९ हजार, दूध २,४००, गॅस आणि लाइट २,३००, मोबाईल-केबल-नेट १,१००, दोघांची औषधं आणि रक्त तपासणी ३,६००, पेट्रोल आणि गाडीचं काम १,८००, घरफाळा पाणीपट्टी महिन्यावर पाडून ९००. इथपर्यंत २१ हजार शंभर, अण्णा मान हलवत होते, बघा वीसच झाले की. मग मी विचारलं अहेर किती जातात वर्षाला? वास्तुशांती, बारसं, लग्न, जावळ, चैत्रात जोतिबा, गावची जत्रा आणि तिथलं जेवण, तालमीची गणपतीची वर्गणी, इचलकरंजीहून नातवंडं सुट्टीला आली की त्यांचं. काकींनी बोटावर मोजून वर्षाला चाळीसच्या वर आकडा काढला, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार. कपडे, दिवाळी, घराची डागडुजी दोन हजार. आणि आत्तापर्यंत कंपनी भरत होती तो मेडिक्लेमचा हप्ता, महिन्याला ३,४००. एकूण तीस हजार झाले.

अहेराचा आकडा लोक कधीच धरत नाहीत, आणि मला कुणी सांगितलं की रिटायर झाल्यावर तो बंद करू तर मी विश्वास ठेवत नाही. कोल्हापुरात माणूस एकवेळ चहा सोडेल पण भाच्याच्या लग्नात पाकीट हलकं करणार नाही. त्यामुळं तो खर्च पूर्ण धरायचा.

तीस हजारातनं पेन्शन वजा केली की महिन्याला पावणेसव्वीस हजार कुठून तरी यायला पाहिजेत. आता एक साधं गणित मी कागदावर त्यांच्यासमोर केलं. महागाई सहा टक्के धरली तर तीस हजाराचा खर्च बारा वर्षांत साठ हजार होतो. तेव्हा अण्णा सत्तर, काकी सहासष्ट. अजून बारा वर्षांनी एक लाख वीस हजार. तेव्हा काकी अठ्ठ्याहत्तरच्या. काकींची आई किती वर्षं जगली विचारलं तर म्हणाल्या, "हाय की अजून, गावात असती. ऐंशी पार झाली."

हे ऐकल्यावर माझ्या दृष्टीनं केसचा रोख बदलला. सगळी चर्चा अण्णांच्या पैशाची चाललेली, अण्णांना किती व्याज, अण्णांनी पोराला किती द्यायचं. पण हा पैसा सगळ्यात जास्त वर्षं लागणार आहे काकींना. चार वर्षांनी लहान, त्यात बायका जगतात जास्त, म्हणजे शेवटची काही वर्षं त्या एकट्या असायची शक्यता मोठी आणि तेव्हाच खर्च सगळ्यात जास्त. अण्णांच्या माघारी पेन्शन अर्धी होते, म्हणजे सव्वाचारचे दोन-सव्वादोन हजार. लाइटबिल, घरफाळा काही अर्धा होत नाही. आणि त्या घडीला काकींच्या नावावर काय होतं, तर एक सेव्हिंग खातं, त्याला मोबाईल नंबर अण्णांचा, एटीएम कार्ड अण्णांच्या पाकिटात. ठेवी सगळ्या अण्णांच्या एकट्याच्या नावावर, दोन पावत्यांवर वारस म्हणून अजून अण्णांच्या वारलेल्या आईचं नाव. मी हे तसंच बोलून दाखवलं. अण्णांना आवडलं नाही, दिसत होतं तोंडावर. पण उठून गेले नाहीत.

मग एकेक हिस्सेदार घेतला.

पॉलिसी आधी, कारण तिला मुदत होती. फाईल उघडली तर डॉक्युमेंट हातात येऊन तीन आठवडे होत आलेले. आता फ्री लूक तीस दिवसांचा असतो, पूर्वी साधारण पंधराच दिवस मिळायचे, पॉलिसीचं डॉक्युमेंट मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कळवलं की पॉलिसी रद्द करून पैसे परत द्यावे लागतात, स्टॅम्प ड्यूटी, मेडिकल झाली असली तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या कव्हरचं किरकोळ काही कापून. त्याच दिवशी अर्ज लिहिला, इन्शुरन्स कंपनीला ईमेल केला आणि ब्रँचमधनं पोच घेतली. ब्रँचवाले म्हणाले, अण्णा तुमचं नुकसान होईल, थोडं थांबा, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात फ्री लूक संपतो हे त्यांना चांगलं माहीत होतं. पैसे आले परत. ज्या माणसाचा पगार बंद झालाय त्याला सात वर्षं दोन-दोन लाख भरायची पॉलिसी विकणं याला काय म्हणायचं मला कळत नाही, आणि अण्णांना तर ती एफडीच वाटत होती.

मग मेडिक्लेमचं काम. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम रिटायरमेंटबरोबर संपला. हे काम खरं तर रिटायर व्हायच्या दोन-तीन महिने आधी करायचं असतं, ग्रुप पॉलिसीतनं त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि जुन्या आजारांची वेटिंग, म्हणजे क्लेम मिळत नाही तो काळ, पुढं मोजली जाते. अण्णांकडनं ती वेळ गेलेली. आता नवीन फ्लोटर, म्हणजे दोघांना मिळून एकच पॉलिसी, घ्यायची तर काकींच्या शुगरसंबंधी खर्चाला वेटिंग लागणार, पण एप्रिल २०२४ पासून ती जास्तीत जास्त तीन वर्षंच ठेवता येते. फॉर्मवर शुगर लपवायची नाही हे दोनदा सांगितलं, एजंट नाही लिहिलं तरी चालतंय म्हणत होता म्हणून. सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर झालं की २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी जाणार, मग मेडिकल तपासण्या तोवर उरकल्या आणि पॉलिसी त्यानंतर घेतली, ४१ हजारात बसली. जोडीला महात्मा फुले योजनेतलं कार्ड, ते आता पांढऱ्या रेशनकार्डालाही मिळतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाख, ठरलेल्या हॉस्पिटलात. सत्तरनंतर आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळेल पण अण्णांना त्याला बारा वर्षं आहेत.

पतसंस्थेचा विषय सगळ्यात अवघड गेला, कारण तो पैशाचा नव्हताच. बँकेतल्या ठेवीला, मग ती राष्ट्रीयीकृत असू दे नाहीतर अर्बन किंवा जिल्हा बँक, डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा कंपनीचा विमा आहे, एका माणसाला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखापर्यंत, फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेला हा विमा नाही, तिथं रिझर्व्ह बँक नाही, ती सहकार खात्याकडं नोंदलेली सोसायटी. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था आहेत, ढीगभर आहेत, मी त्यांना शिव्या घालत नाही. पण जी ठेव गेली तर आयुष्यात परत कमवता येणार नाही ती तिथं ठेवायची नाही, दोन-तीन टक्क्यासाठी तर नाहीच. अण्णा म्हणाले, "चेअरमनला तोंड काय दाखवू? रोज रंकाळ्यावर भेटतोय." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. उत्तर काकींनी काढलं, "एक लाख ठेवा तिथं. बाकीचं पोराला घर घ्यायला लागतंय म्हणून सांगा." मला हसू आलं, पण तसंच केलं. ज्या पावत्यांची मुदत संपत आली होती त्या मुदतीला उचलल्या, एकच आधी मोडावी लागली आणि तिच्यावर व्याज थोडं कमी मिळालं. सहा लाख ऑक्टोबरपर्यंत बाहेर आले. त्या चेअरमननं काही मनावर घेतलं नाही बहुतेक, अजून चहा एकत्रच होतो.

वरच्या मजल्याचं लांबवत नाही. अंदाज बारा लाख खर्च, भाडं आठ हजार सगळे महिने भरले तर. उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या, रंग, मोटार, पोरांचा दंगा, ते सगळं धरून पोस्टाच्या व्याजाएवढंसुद्धा हातात पडत नाही, आणि अडीनडीला मजला मोडून दवाखान्याचं बिल भरता येत नाही. अण्णांनी तो विषय स्वतःच सोडला.

राहिला पोरगा. इथं मी जरा सावध असतो, बाप-लेकाच्या मधे तिसऱ्यानं बोलू नये. पण त्याच्याशी फोनवर बोलायला अण्णांनीच मला लावलं. पोरगा वाईट नाही हो. त्याच्या डोक्यात असं होतं की बाबांचं घर आहे, खर्च काय दोघांचा, पैसे बँकेत पडून राहणार त्यापेक्षा आपला ईएमआय कमी होईल. मी त्याला एवढंच सांगितलं की ८.२ टक्क्यानं पंधरा लाखाचे महिन्याला सव्वादहा हजार होतात, तुला पंधरा लाख दिले म्हणजे आईबाबांच्या तीस हजारातले सव्वादहा कायमचे गेले, मग ते दर महिन्याला तू पाठवणार का, आणि किती वर्षं? पंचवीस-तीस? तो गप्प बसला. मग म्हणाला मला कुणी हे असं सांगितलंच नव्हतं, बाबा नुसतं बघू बघू म्हणायचे. शेवटी तीन लाख ठरले. उरलेल्यासाठी त्यानं बजेट कमी केलं, आता रावेतकडं बघतोय म्हणे.

त्याचंच अजून एक म्हणणं होतं, घर आत्ताच बक्षीसपत्रानं नावावर करून टाका, रक्तातल्या नात्यात स्टॅम्प ड्यूटी नाममात्र आहे. खरं आहे ते, महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला ड्यूटी अगदी थोडी लागते. पण स्वस्त आहे म्हणून करायचं का? एकदा बक्षीसपत्र झालं की घर गेलं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळलं नाही तर परत मिळवता येते, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये एका आईच्या बाजूनं तसा निकालही दिला. पण सत्तरीत प्रांत ऑफिसला खेटे घालायची पाळी कशाला आणायची. त्यापेक्षा इच्छापत्र करा म्हटलं. इच्छापत्र नसेल तर अण्णांच्या माघारी बायको, मुलगा, मुलगी तिघांना सारखा हिस्सा, म्हणजे ज्या घरात काकी राहतात त्यात त्यांचा एक तृतीयांश. वारस म्हणून पावतीवर नाव लावलं की झालं असंही बऱ्याच जणांना वाटतं, नॉमिनी पैसे हातात घेतो, मालक तोच असतो असं नाही.

आता शेवटी पैसे कुठं गेले ते.

सिनियर सिटिझन स्किममध्ये २२ लाख, पोस्टात. अण्णा साठचे नाहीत, पण ५५ ते ६० मधल्या रिटायर माणसाला फंडाचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत हे खातं काढता येतं, जेवढे रिटायरमेंटचे मिळाले तेवढ्यापर्यंत. पूर्वी एकच महिना होता, २०२३ च्या नोव्हेंबरात वाढवला. कंपनीकडनं दाखला लागतो, किती पैसे कशाचे कधी दिले त्याचा, तो आणायला अण्णांना दोन खेपा घालाव्या लागल्या. मर्यादा ३० लाख, दर ८.२ टक्के, खातं काढलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं पक्का, व्याज तीन महिन्यांनी. २२ लाखाचे तिमाहीला ४५,१०० येतात, महिन्याचे पंधरा हजार धरा. खातं जॉइंट, दुसरं नाव काकींचं. हे महत्त्वाचं, जॉइंट फक्त नवरा-बायकोलाच करता येतं आणि पहिला खातेदार गेला तर बायकोला ते तसंच पुढं चालू ठेवता येतं.

पोस्टाच्या मासिक व्याज योजनेत ९ लाख, एकट्या काकींच्या नावावर. एका नावावर नऊच लाख चालतात. दर ७.४, महिन्याला ५,५५० काकींच्या खात्यावर. नंबर काकींचा, कार्ड काकींच्या पर्समध्ये. नवऱ्यानं दिलेल्या पैशाचं व्याज टॅक्सला नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, ते मी रिटर्नमध्ये तसं दाखवणार आहे, पण सगळं मिळून उत्पन्न पाच लाखाच्या आतच आहे आणि नव्या टॅक्स पद्धतीत २०२५-२६ ला बारा लाखापर्यंत रिबेट, त्यामुळं भरायला काही नाही. टीडीएस मात्र, म्हणजे व्याज देतानाच कापायचा टॅक्स, कापला जाऊ शकतो. तो कापू नका म्हणून द्यायचा जो फॉर्म, त्यात साठच्या आत असल्यानं अण्णांना तेव्हा १५एच चालत नव्हता, १५जी भरायचा होता. तिथल्या क्लार्कनं १५एचच पुढं केला होता.

अर्बन बँकेतले ४ लाख तिथंच ठेवले, पाच लाखाच्या विम्यात बसतात, ते दवाखान्यासाठी म्हणून हात लावायचा नाही. आयदर ऑर सर्व्हायव्हर करून घेतलं, म्हणजे दोघांतला कुणीही एक किंवा मागं राहील तो पैसे काढू शकतो. पोराला ३, पतसंस्थेत १. उरले २ लाख ४० हजार, ते एका हायब्रिड, म्हणजे थोडे शेअर आणि थोडे रोखे असलेल्या, म्युच्युअल फंडात थोडेथोडे करत टाकायचे ठरले. इथं माझं आणि अण्णांचं पटलं नाही. बाकी सगळ्या व्याजाचा आकडा स्थिर आहे, पाच वर्षांनी तीस हजाराचे चाळीस लागतील तेव्हा पोस्ट काही वाढवून देणार नाही, म्हणून वाढीसाठी निदान सहा लाख तरी बाजूला पाहिजेत असं माझं मत. अण्णांचा मेव्हणा कुठल्यातरी महिन्याला पाच टक्के देणाऱ्या ट्रेडिंगवाल्याकडं बुडालाय, तेव्हापासून शेअर म्हटलं की अण्णा कानावर हात ठेवतात. तो ट्रेडिंगवाला आणि सेबीकडं नोंदलेला फंड या वेगळ्या गोष्टी आहेत हे किती वेळा सांगितलं तरी घरात बुडालेला माणूस समोर असतो. जोर केला नाही.

मधला मार्ग असा निघाला की गोकुळ शिरगावातल्या एका छोट्या फाउंड्रीनं अण्णांना अर्ध्या दिवसासाठी बोलावलंय, महिन्याला १२ हजार. नव्या पोरांना मोल्ड शिकवायचे. पेन्शन, पोस्टाची दोन्ही व्याजं मिळून २४,८०० च्या आसपास होतात, त्यात हे बारा आले की तीस हजार खर्च जाऊन साडेसहा-पावणेसात हजार उरतात, त्यातनं सहा हजाराची एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम म्युच्युअल फंडात. म्हणजे शेअर बाजारात फंडाचा आणखी पैसा नाही, नवी कमाई जातीय, यावर अण्णा तयार झाले. ती नोकरी दोन-तीन वर्षं चालेल असं धरलंय. ती थांबली की महिन्याला पाच हजाराची तूट येते, त्यातली निम्मी अर्बन बँकेच्या एफडीच्या व्याजातनं आणि उरलेली उसाच्या पैशातनं, भावानं दिले तर. हे काठावरचं आहे, मी तसं सांगितलंय. अण्णांनी अजून तीन वर्षांनी वीस गुंठ्याचा वाटा स्पष्ट करून घ्यायचा की नाही हा त्यांच्या घरचा प्रश्न, पण प्लॅनमध्ये ती फट आहे.

२०३० मध्ये काकींचे नऊ लाख सुटतील, त्यानंतर लवकरच त्या साठच्या होतील, मग त्यांच्या स्वतःच्या नावानं सिनियर सिटिझन स्किम उघडता येईल. त्याच वर्षी अण्णांचं खातं पाच वर्षांचं होईल, ते आणखी तीन वर्षं वाढवायचं की काही भाग काढायचा ते तेव्हाचा दर बघून.

एक गोष्ट शेवटच्या बैठकीत निघाली. काकींनी पर्समधनं एक वही काढली, गल्लीतल्या बायकांची भिशी, महिन्याला दोन हजार, काकीच चालवतात, बारा बायकांचा हिशोब नीट मांडलेला, कोण कधी उशिरा दिलं त्याच्यासकट. त्यातनं साठवलेले एक लाख दहा हजार डब्यात होते, अण्णांना पत्ता नाही. अण्णांनी विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?" तर म्हणाल्या, "तुम्ही कधी विचारलं?" ते पैसे मी प्लॅनमध्ये धरलेले नाहीत, ते त्यांचे आहेत. पण जी बाई बारा जणींची भिशी चालवते तिला पोस्टात सही कुठं करायची हे शिकवायला लागत नाही, तेव्हा घरातली कागदांची फाईल आता त्यांच्याकडं दिलीय. पेन्शनसाठी लागणारा जीवन प्रमाणचा म्हणजे हयातीचा दाखला दरवर्षी मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, तोही त्यांनीच शिकून घेतला.

अजून राहिलंय ते इच्छापत्र. कच्चा मसुदा वकिलांनी करून दिलाय, घर काकींना हयातभर, त्यानंतर पोरगा-पोरगी निम्मं-निम्मं, पोराला दिलेले तीन लाख त्यात लिहून वळते करायचे. हे वळते करायचं काकींनीच सांगितलं, पोरगी बिचारी काहीच मागत नाही म्हणून तिला द्यायचं नाही असं होत नाही म्हणाल्या. अण्णांचं म्हणणं लग्नात दिलं की. ते अजून चाललंय. नोंदणी सक्तीची नाही पण करून घ्या म्हटलंय, दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला वाटा मिळणार त्यातला कुणी नको, पुढं भांडणाला जागा राहते. एक साक्षीदार त्यांचे डॉक्टर ठरलेत. दुसरा म्हणून अण्णांनी पतसंस्थेच्या चेअरमनचं नाव सुचवलंय, काकी नको म्हणतात.